गोळ्यांच्या आधी सुया

दवाखान्याच्या भिंतीला एक चौकोनी खिडकी होती आणि तिच्या आत मी होतो. माझ्या नोकरीचं सगळं वर्णन एवढ्यात संपत होतं. बाहेरून केसपेपर आत यायचा, आतून औषध बाहेर जायचं. कोल्हापुरात फार्मसीची पदविका घेऊन चंदगड तालुक्यातल्या त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी हजर झालो, तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. लोक घरून बाटल्या आणायचे. कुणाची रॉकेलची, कुणाची एरंडेलाची, कुणाची न सांगण्यासारखी. बाटली धुऊन आणत चला म्हणून मी रोज ओरडायचो आणि रोज तसल्याच बाटल्या पुढं यायच्या. त्यात लाल मिक्श्चर ओतायचं आणि बाहेरून कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवायची, म्हणजे एका वेळेला किती घ्यायचं ते दिसतं. पट्टी बघून औषध पिणारा माणूस मला त्या भागात भेटला नाही. लोक चव बघून प्यायचे. कडू लागलं की डॉक्टर हुशार.

मी पेठेत वाढलेला, त्यामुळं आवाज जन्मतःच मोठा. खिडकीतून मी बोललो की बाहेर रस्त्यावरची म्हैस थांबायची, असं आमच्या नर्सबाई म्हणायच्या. त्या आवाजाचा मला तेव्हा अभिमान होता.

खिडकीच्या आत राहणं फार दिवस जमलं नाही. डॉक्टर एक आणि त्यांच्या गळ्यात केंद्रं दोन. त्यातून कुटुंबनियोजनाची शिबिरं सुरू झाली की त्यांना तिकडं उचलून न्यायचे. पावसाळ्यात एसटी बंद पडली की जिकडं असतील तिकडंच अडकायचे. नर्सबाई बाळंतपणांना वाड्यावस्त्यांवर. मग एक दिवस डॉक्टर माझ्याकडं आले आणि म्हणाले, "सुया तुम्ही देत जा."

"साहेब, मी औषध देणारा. सुई देणं माझ्या कामात बसत नाही."

"मग कुणाच्या कामात बसतं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्या माणसाला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्यांनी आणि नर्सबाईंनी मला सुई द्यायला शिकवलं. मग जखमा बांधणं आलं. विहिरीत जंतू मारायची पावडर टाकणं आलं. शेवटी क्षयाचे पेशंट आले. त्यांना सुया देणं, गोळ्या देणं, मधेच यायचे बंद झाले तर घरी जाऊन ओढून आणणं. एक ना धड, भाराभर चिंध्या. जिल्ह्याच्या कचेरीतले उंटावरचे शहाणे कधीमधी यायचे आणि आता औषधवाल्यानंही लोकांत जायला पाहिजे, असं सांगून जेवून परत जायचे. लोक मला डाक्टर म्हणायला लागले. सुरुवातीला मी प्रत्येकाला दुरुस्त करायचो. नंतर दमलो.

क्षयाचं औषध तेव्हा वर्षभराच्या वर चालायचं. पहिले काही महिने रोज सुई आणि बरोबर गोळ्या, पुढं नुसत्या गोळ्या. आमच्याकडच्या माणसाचा सुईवर भारी विश्वास. दंड ठणकला म्हणजे औषध अंगात गेलं. गोळीवर मात्र काडीचा विश्वास नाही. गोळ्या नेऊन लोक फडताळात ठेवायचे आणि खोकला जरा कमी झाला की दिसेनासे व्हायचे. म्हणून आम्ही तिघांनी मिळून आपला एक कायदा केला. रोज येऊन सुई घेईल त्यालाच गोळ्या. सुई चुकली की गोळ्या बंद. कुठल्या पुस्तकात हे नव्हतं, पण लोक यायला लागले. मी खिडकीतून हे इतक्यांदा ओरडून सांगितलं होतं की शाळेतली पोरं माझी नक्कल करायची.

एका दिवाळीनंतर ती बाई आली. वरच्या वाडीवरची, पन्नाशीच्या आसपासची. नवरा मागंच क्षयानं गेलेला, घरात एकटी, भाताचा एक तुकडा आणि काजूची थोडी झाडं. सगळे तिला आक्का म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. खोकला येतो, रात्रीचा ताप येतो, म्हणाली. नेहमीप्रमाणं मी तिला झाकणाची डबी दिली. सकाळी उठल्याउठल्या खोकून छातीतली थुंकी यात घ्यायची आणि आणून द्यायची. दुसऱ्या दिवशी तिनं डबी पदराखाली झाकून आणली. तपासणीत जंतू निघाले. छातीचा फोटो काढायला कोल्हापूरला जायला पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. पण ती नको म्हणाली आणि तशी गरजही नव्हती. जंतू दिसल्यावर आणखी काय बघायचं? आम्ही सुया चालू केल्या.

तिच्यासारखी पेशंट मी परत बघितली नाही. उन्हाचं, धुक्याचं, रोज यायची. मी स्टोव्हवर सुया उकळत असायचो तोवर ही पायरीवर हजर. बाही वर करायची, तोंड दुसरीकडं फिरवायची, सुई झाली की दंड चोळत गोळ्यांसाठी हात पुढं करायची. गोळ्या मात्र माझ्यासमोर कधी घ्यायची नाही. "जेवून घेतो घरात," म्हणायची. आमच्याकडं बायकाही बोलताना अशाच आलो-गेलो म्हणतात. तिचा खोकला बघता बघता गेला. महिन्यात तर बाई ठणठणीत दिसायला लागली. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बघितली आणि माझ्याकडं बघून हसले. "औषध लागू पडलं बघा." मी पाच-सहा पेशंट गोळा करून तिला त्यांच्यासमोर उभी केली आणि म्हटलं, बघा, नेमानं सुया घेतल्या की माणूस असा होतो. ती खाली मान घालून उभी होती. मला वाटलं, लाजली.

थंडी सरता सरता ती चालताना भिंत धरायला लागली. उठली की घेरी यायची. पायरी उतरताना एकदा माझ्या अंगावरच आली. मग एक एक शब्द दोनदा सांगावा लागायला लागला. या औषधानं कुणाकुणाचा कान जातो, तोल जातो, हे मला शिकवलेलं होतं. डॉक्टर आले तसं त्यांना सांगितलं आणि त्यांनी सुया बंद करायला सांगितल्या. मी तिला सांगितलं तर ती रडकुंडीला आली.

"मग गोळ्या?"

"गोळ्या मिळत्याल की. आता सुईबिगर मिळत्याल."

तिच्या तोंडावर जे आलं ते मी आजवर विसरलो नाही. जीव वाचल्यासारखी मला हात जोडून गेली. कान गेलेल्या बाईला एवढा आनंद कशाचा, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

उन्हाळ्यात तिची थुंकी परत तपासायची वेळ आली. तेव्हा मी नवीन पद्धत धरली होती. लोक घरून नुसती लाळ भरून आणायचे, म्हणून मी म्हणायचो, इथंच मागच्या अंगणात बसा आणि माझ्यासमोर खोका. आक्काला डबी देऊन बसवली. ती खोकायला लागली. घसा खरवडून, पोट दाबून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकली, आणि डबीत लाळेशिवाय काही पडेना. बऱ्या छातीतून काय येणार? मी तिला तेच समजावत होतो की येत नसलं तर चांगलंच आहे. तिला ऐकू गेलं नसावं. मी रागावलोय असं समजून तिनं डबी खाली ठेवली आणि रडायला लागली.

"मला न्हाय वो ते दुखनं. लेकीला हाय."

दिवाळीला लेक माहेरी आली होती तेव्हा खोकताना तिच्या पदराला रक्त लागलं. नवरा ज्यानं गेला ते आईनं लगेच ओळखलं. लेकीच्या सासरी, शेजारच्या घरातली एक सून याच दुखण्यापायी माहेरी धाडली होती आणि दुसरी करून आणली होती. तेव्हा तिथं बोलायची सोय नव्हती. मग हिनं लेकीची थुंकी डबीत घेतली आणि ती आपली म्हणून माझ्या हातात दिली. गोळ्या गावोगाव फिरणाऱ्या बांगडीवालीबरोबर जायच्या. सासरी ताकदीच्या गोळ्या म्हणून सांगितलं होतं.

"आनि सुया? आक्का, सुया कशापायी घेतलासा?" मी ओरडलो. आता तर ओरडावंच लागत होतं.

ती माझ्याकडं बघतच राहिली. जसं काही मी येडाच प्रश्न विचारला.

"तुमीच म्हनत हुतासा न्हवं, सुई चुकली की गोळ्या न्हाईत म्हनून."

मी अंगणातच खाली बसलो. राग आला होता, पण कुणावर काढायचा ते कळेना. तिच्यावर काढावा तर तिनं माझा शब्द न् शब्द पाळला होता. संध्याकाळी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा. पण पोरीला आणायला पाहिजे. नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही तिचं." कायद्यानं बघितलं तर त्या गोळ्या बंद करायला हव्या होत्या. त्यांनी केल्या नाहीत, एवढं त्यांचं मोठेपण मी मानतो.

नागपंचमीला लेक माहेरी आली. सासरच्यांनी तिच्या लहान पोराला ठेवून घेतलं होतं. पोर ठेवून घेतलं की सून वेळेवर परत येते, हा तिकडचा हिशेब. विशीतली पोरगी, काडीसारखी, पण हसरी. मला म्हणाली, "माझ्या आईला तुमी लई टोचलासा." आणि स्वतःच हसली, मग हसता हसता खोकली. मी तिला सुई चालू केली. डॉक्टर रस्ता तुटल्यानं पलीकडं अडकले होते, तरी मी चालू केली. कान-तोल यांचं सगळं विचारून घेतलं. म्हटलं, निदान गणपतीपर्यंत राहा, काहीतरी निमित्त काढ. ती म्हणाली, बघतो. आठवडा व्हायच्या आत दीर न्यायला आला. दवाखान्यासमोरून ती त्याच्या मागं गेली. मी खिडकीत होतो. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि वर बघितलं नाही.

डॉक्टरांनी तिच्या सासरच्या भागातल्या केंद्राला कळवलं. तिथली डॉक्टरची जागा रिकामी होती. कळवलेलं कुणी वाचलं का, देव जाणे. दर महिन्याला आक्का भिंत धरत येत राहिली आणि मी तिच्या हातात गोळ्या घालत राहिलो. सुया बंद करूनही तिचे कान उतरतच गेले. पुढं पुढं ती माझ्या तोंडाकडं बघून अंदाजानंच मान डोलवायची.

पुढच्या उन्हाळ्यात त्या बाजूला हगवणीची साथ आली आणि माणसं कमी पडतात म्हणून मलाही पावडर घेऊन तिकडं पाठवलं. चंदगडला पाऊस एवढा पडतो की माणूस वैतागतो, आणि वैशाखात त्याच विहिरींच्या तळाला गढूळ पाणी उरतं. लेकीच्या सासरच्या विहिरीवर मी पावडर कालवत होतो. बायका लांब उभ्या होत्या. त्यातली एक घागर घेऊन पुढं आली. कडेवर पोर होतं. मी तिला आधी ओळखलंच नाही. गालफडं वर आली होती. मग पोर खोकलं, आणि मागोमाग तीही.

"गोळ्या पोचत्यात न्हवं?" मी हळू विचारलं. हळू बोलणं मला कधी जमलं नाही, पण त्या दिवशी जमलं.

"पोचत्यात की."

"मग खोकला परत कसा?"

तिनं पोराकडं बघितलं. "अर्ध्या ह्येला देतो. अडकित्त्यानं फोडून."

"आगं, तुझ्या अर्ध्या गोळीनं तुला गुन न्हाई यायचा. आनि ल्हान पोराचं माप येगळं. घिऊन ये त्येला दवाखान्यात."

"काय सांगून येऊ?"

"नवऱ्याला सांग."

"त्यो चांगला हाय. पर आईम्होरं तोंड उगडत न्हाई."

"मग मी सांगतो तुझ्या सासूला. आत्ता जातो." मी खरंच निघालो होतो. बादली खाली ठेवलीसुद्धा.

तिनं मला अडवलं नाही. घागर कठड्यावर टेकवली आणि म्हणाली, "सांगा की. मला म्हायेरी धाडत्याल आनि ह्येला ठिवून घेत्याल. मग ह्येला गोळी कोन देनार?"

कोल्हापुरात, नोकरीत, आयुष्यात मला कधी तोंड बंद करावं लागलं नव्हतं. तिथं विहिरीवर मी पावडरीची बादली उचलून परत कालवायला लागलो. पोर माझ्याकडं टकामका बघत होतं. तीनेक वर्षांचं असेल. नाक आक्काचं होतं. पलीकडून तिच्या सासूनं हाक मारली तशी ती घागर भरून घेऊन वळली. जाता जाता म्हणाली, "दादा, आईला तेवडं सांगा. पोरगं खोकतंय म्हनावं. ती करंल कायतरी."

परत आल्यावर मी डॉक्टरांना सांगितलं. पोराला बघितल्याशिवाय औषध द्यायचं नाही, हे ते म्हणाले आणि ते बरोबरच होतं. पोराला आणायचं कसं, हे त्यांनाही सुचलं नाही. त्या भागाला ते परत कळवतो म्हणाले. म्हणजे काय होणार, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी रागानं मिक्श्चरच्या बरण्या धुवायला काढल्या. राग आला की मी बरण्या धुतो.

बाजारादिवशी आक्का आली. बाहेर ही गर्दी. रांगेत तिच्या लेकीच्या गावच्या दोघी बायका होत्या. एकीच्या डोळ्यांत नुकतंच मी औषध घातलं होतं. आक्काला मी आत, बरण्यांच्या खोलीत घेतलं. दार लावलं. तिच्या कानाला तोंड लावून म्हटलं, "लेक भेटली हुती." ती माझ्या तोंडाकडं बघत होती. काही कळलं नव्हतं. मी मोठ्यानं म्हटलं. तरी नाही. मग मी माझ्या नेहमीच्या आवाजात ओरडलो, "लेक! तुमची लेक!"

बाहेरचा गलका एकदम थांबला. दार लावलेलं होतं, पण खिडकी उघडीच होती. तिथून एक डोकं आत वाकलं. डोळ्यांत औषध घातलेली तीच बाई होती, एक डोळा झाकून दुसऱ्यानं बघत होती.

आक्काला 'लेक' तेवढं ऐकू गेलं होतं. तिनं माझा हात धरला. "बरी हाय न्हवं?"

पुढचं ओरडायचं तर अख्ख्या बाजारानं ऐकलं असतं. लिहून द्यावं तर तिला वाचता येत नव्हतं. मग मी खुणा करायला लागलो. जमिनीपासून पोराच्या उंचीवर हात धरला. तिला कळलं, नातू. तिचं तोंड उजळलं. मी छातीवर हात ठेवून खोकून दाखवलं, परत खाली हात धरला, परत खोकलो.

"तुमास्नीबी खोकला लागलाय व्हय?" ती कळवळून म्हणाली. "त्या पावडरी हुंगत हिंडतासा. घ्या की कायतरी औषिद."

मी हात तसाच धरून उभा राहिलो. नर्सबाईंना उद्या वाडीवर धाडता येईल, घरात बसवून सांगता येईल, हे माझ्या मनात आलं. आणि मग सांगितल्यावर ती काय करेल, तेही आलं. मला ते दिसतच होतं. ती उद्या सकाळी पायरीवर येऊन बसेल. नातवाला खोकला आहे, त्यालाही गोळ्या पाहिजेत, आणि आमच्याकडं गोळ्या कशा मिळतात ते तिला पाठ होतं. ती बाही वर करेल, तोंड दुसरीकडं फिरवेल. तिच्याकडं देण्यासारखं दुसरं काही उरलेलं नव्हतं, आणि माझ्याकडंही.

ती माझ्या हाताखालच्या जागेकडं बघत होती. दीड वर्षात तिनं त्या पोराला बघितलं नव्हतं.

"एवडा झाला व्हय माझा नातू?"

मी मान हलवली. तिनं माझा हात धरून आणखी जरा वर उचलला.

"का एवडा?"